सावरेल

माशाचा कल्ला उचलून आतला लाल रंग बघत असतानाच ग्वात खिमच्या पिशवीतला फोन वाजला. ओल्या बोटांनी तिनं तो कसाबसा बाहेर काढला. बून स्यांग. नवरा बाजारात कधी फोन करत नसे. काही आणायचं राहिलं असेल तर ती परत आल्यावर, दारातच, तिच्या चपला निघायच्या आत सांगायचा. तिनं घाईघाईनं फोन कानाला लावला. "आला!" तो ओरडला. आवाज कापत होता. "खिम, वर आला! ऐकतेयस ना? वर आला! लवकर ये घरी," आणि फोन बंद झाला. शेजारच्या गाळ्यावर कोंबड्या कलकलत होत्या, कुणीतरी फरशीवर बादलीभर पाणी ओतलं आणि ते तिच्या चपलांखालून वाहत गेलं. तिला काहीच कळलं नाही. वर आला. अकराव्या मजल्यावर, लिफ्टनं, सामान घेऊन. न कळवता. तैवानला गेलेला तिचा मुलगा जुन हान न कळवताच येईल हे तिला आधीपासून ठाऊक होतं असं तिला वाटलं. तो कळवून येणाऱ्यातला नव्हताच. शाळेतून सुद्धा कधी लवकर सुटला तर मागून येऊन तिचे डोळे झाकायचा. ती तशीच निघाली, चार पावलं जाऊन परत फिरली, आणि दोन पापलेटं होती त्यातलं मोठं उचलून कोळणीपुढं धरलं. भाव केला नाही. कोळीण सुरी चालवता चालवता हसली. "आज काय आँटी, कोण पाहुणे?" "मुलगा आलाय," ग्वात खिम म्हणाली. मोठ्यानं म्हणाली. पाठीमागच्या भाजीवाल्यालाही ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. आलं घेतलं, कोथिंबीर घेतली, खारवलेली मोहरीची पानं घेतली, आणि एअर इतमच्या त्या चढाच्या रस्त्यावरून, जिथं ती एरवी दोनदा थांबते तिथं एकदाही न थांबता, ती घराकडे निघाली.

वाटेत तिनं त्याला मनात पुष्कळदा बघितलं. वाळलेला, केस मागे हटलेले. मग जाड झालेला, पोट सुटलेला, बापासारखा. मग पुन्हा वाळलेला. बसला असेल खुर्चीत, बाप समोर, दोघांना काय बोलावं कळत नसेल, म्हणून तर म्हातारा घाबरून ओरडत होता, लवकर ये. तिला हसू आलं. आता बस म्हणावं दोघं गप्प, मी आल्याशिवाय तुमचं काही चालायचं नाही. लिफ्टमध्ये खालच्या मजल्यावरची मलाय बाई भेटली, तिलाही सांगायचं तोंडावर आलं होतं, पण ती बाई सातव्या मजल्यावर उतरली. दाराबाहेर बून स्यांगच्या रबरी चपला होत्या. फक्त त्याच. तिनं चपलांच्या फळीवर बघितलं, फळीखाली बघितलं. आत घेतले असतील बूट, तैवानात तशी पद्धत असेल. दार लोटलं. बून स्यांग संगणकापुढं बनियनवर बसला होता. चहा तसाच, वर साय धरलेली. "कुठाय?" ती म्हणाली. "हा काय," तो म्हणाला, आणि पडद्यावरच्या शेअरच्या हिरव्या आकड्यावर त्यानं बोट ठेवलं. बोट ठेवलं ते उचललंच नाही, जणू उचललं तर आकडा पळून जाईल. "बातू अमान. सकाळी बाजार उघडल्याउघडल्या. बुडीत कंपन्यांच्या यादीतून काढलं त्यांना. जपानी गिऱ्हाईक आलंय, दोन भट्ट्या पेटल्या. मी काय म्हणत होतो? दहा-बारा वर्षं काय म्हणत होतो मी?" ग्वात खिमच्या हातातल्या पिशवीतून माशाचं पाणी फरशीवर टपकत होतं. काय समजून ती आली हे तिनं त्याला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तो हसला असता. किंवा हसला नसता, आणि ते जास्त वाईट झालं असतं. "फरशी पूस ती," तो म्हणाला, "घसरशील."

बून स्यांगला आजारी कंपन्यांचा नाद होता. जुगाराचा नाद असता तर तिला चार बायकांत बोलता आलं असतं. पण हा नाद सभ्य होता. जहाजांच्या एका कचेरीत हिशेब तपासण्यात त्याचं आयुष्य गेलं. घरी आला की जेवून, दात कोरत, तो वार्षिक अहवाल वाचायला बसे. धडधाकट कंपन्यांचे नाहीत. ज्यांच्याकडून बँकांनी हात काढून घेतले, ज्यांचा शेअर काही सेनवर, चिल्लरवर आला, ज्यांचं नाव काढलं की दलाल नाक मुरडत, त्यांचे. त्यातल्या नव्वद टक्के मरतात हे तोच सांगायचा. उरलेल्या कुठल्या, ते ओळखायचं. "जमीन आहे, यंत्रं आहेत, माल चांगला आहे. नुसता दम लागलाय. सावरेल," तो म्हणे, आणि त्या 'सावरेल'मध्ये अशी काही माया असायची की पहिल्यांदा ऐकलं तेव्हा, लग्न नवीन होतं, ग्वात खिमला वाटलं होतं हा माणूस कुणाला टाकणार नाही. आणि तो लबाड नव्हता, मूर्खही नव्हता. एक सिमेंटची कंपनी अशीच सावरली, त्यातून हे घर झालं. एक दोऱ्या वळणारी सावरली, त्यातून जुन हानचं हॉटेलाचं शिक्षण. म्हणून तर तिला तोंड उघडायला जागा राहिली नाही. ज्या भिंतीवर डोकं आपटायचं ती भिंतच तो बरोबर ठरल्यामुळे उभी राहिलेली.

बातू अमानची टाइल्सची फॅक्टरी तायपिंगच्या पुढं, रबराच्या झाडांत. एकदा ते तिघं कॅमेरॉनच्या डोंगरात दोन दिवस थंड हवेला म्हणून निघाले होते. जुन हान तेव्हा कॉलेजात होता. बून स्यांगनं वाटेत गाडी आत घातली. फाटकाशी उभं राहून तो धुराडं बघू लागला. पातळ, नको नको असा धूर येत होता. त्यानं पहारेकऱ्याला सिगरेट दिली, ओव्हरटाइम मिळतो का विचारलं, कँटीनमध्ये भाताबरोबर अजून मासा देतात का विचारलं. ट्रक भरून बाहेर पडताना किती दबतात ते बघत बसला. पहारेकऱ्यानं ग्वात खिमला त्याची खुर्ची दिली, ती त्या खुर्चीत बसून केळी खात होती आणि बघत होती नवऱ्याच्या चेहऱ्याकडे. तिला न्यूमोनिया झाला होता तेव्हा तो रोज संध्याकाळी हॉस्पिटलात येऊन बसायचा, नेमानं, पेपर घेऊन. पण असा चेहरा त्यानं तेव्हा केला नव्हता. जुन हान गाडीच्या टपावर कोपर टेकून उभा होता. तो हळूच म्हणाला, "मा, आपण पण बंद पडायला पाहिजे. मग पा आपल्याकडे बघेल." दोघं इतकी हसली की बून स्यांगनं वळून गप्प बसायची खूण केली. थंड हवेला पोचेपर्यंत अंधार झाला, दुसऱ्या दिवशी धुकं, तिसऱ्या दिवशी परत.

दर वर्षी तो बातू अमानच्या सभेला जायचा. त्याचे मित्र मास्तर, आडनाव त्यो, बायको गेल्यापासून एकटे, तेही बरोबर जायचे. शेअर दोघांचेही, पण मास्तर जायचे सभेला येणाऱ्यांना दारात जी भेट देतात तिच्यासाठी. हे ते लपवत नसत. पहिल्या वर्षी छत्री मिळाली, जेवणाची थाळी मिळाली. पुढं छत्री गेली, डबा आला. मग नुसता पाव आणि पाण्याची बाटली. शेवटी शेवटी तर पाण्याची बाटलीही लहान. "बून स्यांग, तुझी कंपनी पुढल्या वर्षी आपल्यालाच पाव आणायला सांगेल," मास्तर म्हणायचे. बून स्यांगला राग यायचा नाही. "काटकसर करतायत. चांगलं लक्षण आहे," तो म्हणायचा. ती छत्री अजून घरात होती, निळी, बातू अमानच्या नावाची. ग्वात खिमनं ती कधी उघडली नाही.

मास्तरांना संध्याकाळी जेवायला बोलावलं होतं. ते काही विचारायची बाब नव्हती. बून स्यांगनं सांगितलं, "मासा आणलायसच, बरं झालं. तुला कसं कळलं?" आणि ती मासा घेऊन मोरीपाशी गेली. उपड्या सुरीनं खवलं काढताना ती उडून तिच्या हाताला, चष्म्याला चिकटत होती. बाहेरच्या खोलीत तो एकामागून एक फोन करत होता. प्रत्येकाला तेच, त्याच क्रमानं, आणि प्रत्येक वेळी 'मी काय म्हणत होतो'वर आवाज चढायचा. जुन्या कचेरीतल्यांना केले, दलालाला केला, ज्या मेहुण्याशी तो चार वर्षं बोलत नव्हता त्यालाही केला. तिला वाटलं, आता करेल, आता मुलाला करेल. नाही केला. माशाच्या पोटात आलं भरताना तिच्या नाकाला एकाएकी पावाचा वास आला. घरात पाव नव्हता. असा तो वास अधूनमधून यायचा, गेली सहा वर्षं.

जुन हाननं चांगली हॉटेलातली नोकरी सोडून एका गल्लीतली जुनी बेकरी घेतली होती. हायनान बेटावरनं आलेल्यांतला म्हातारा होता एक, त्याची मुलं कुणी ती चालवायला तयार नव्हती. जाळ घालायची विटांची भट्टी, काळे पडलेले पत्रे, लाकडी खोकी. जुन हान म्हाताऱ्याच्या हाताखाली वर्षभर राबला आणि मग त्यानं ती त्याच्याकडून घेतली. ग्वात खिम पहाटेच्या बसनं मदतीला जायची. कागद गुंडाळायची, सुट्टे पैसे मोजायची, आणि मुलाच्या पाठीकडे बघायची. पिठानं पांढरी झालेली पाठ. लहानपणापासून बापाच्या तोंडून ऐकलेलं त्यानं खरं मानलं होतं, हे तिला तिथं कळलं. माल चांगला आहे, नुसता दम लागलाय, सावरेल. त्यानं नुसते शेअर घेतले नाहीत, सगळं अंगावर घेतलं. पहिल्या वर्षी लोक आले, पेपरात फोटो आला. मग समोर मोठ्या दुकानाची शाखा उघडली, थंडगार, काचेची, आणि घरमालकानं भाडं वाढवलं. बँक म्हणाली वडिलांची सही आणा, हमी म्हणून. तेव्हा जुन हाननं बापाला एका दुपारी बोलावलं.

ती दुपार ग्वात खिमला कुठूनही आठवता यायची. बून स्यांग इस्त्रीचा शर्ट घालून आला. पिठाच्या पोत्यावर पेपर पसरून बसला. जुन हाननं त्याच्यापुढं गरम बन ठेवला, लोणी लावून. तो त्यानं खाल्ला. शांतपणे, पूर्ण, बोटं पुसली. मग चष्मा लावला आणि प्रश्न विचारायला लागला. वाया किती जातं? उधारी किती? जागा कुणाच्या नावावर? भट्टी विकली तर काय येईल? जुन हान पहिल्यांदा उत्साहानं सांगत होता, मग हळूहळू त्याचा आवाज बारीक होत गेला, शाळेत पाढे म्हणताना व्हायचा तसा. ग्वात खिम कागद घड्या घालत होती. घड्या घातलेलेच पुन्हा घालत होती. बून स्यांगनं भट्टीभोवती एक फेरी मारली, विटांना हात लावला. त्यानं मुलाकडे बघितलं. रागानं नव्हे. राग असता तर बरं झालं असतं. एखाद्या अनोळखी माणसाकडे बघावं तसं, डोक्यापासून पायापर्यंत, किती टिकेल म्हणून.

"काय वाटतं, पा?" जुन हान म्हणाला. "तू सांग ना. सावरेल ना?"

"नाही," बून स्यांग म्हणाला. "याच्यात सावरायला काही नाहीच. जमीन तुझी नाही, नाव त्या म्हाताऱ्याचं. आहे काय तुझ्याकडे? विटा."

"मी आहे ना."

"तू म्हणजे मत्ता नाहीस," बून स्यांग म्हणाला. खरोखर समजावून सांगत होता तो. "भावनेनं घेऊ नकोस. आजच बंद केलीस तर थोडंफार हाताला लागेल. सहा महिन्यांनी तेही नाही. मी सही केली तर तू आणखी सहा महिने बुडशील, एवढंच."

"बाप आहेस की बँक?" ग्वात खिमच्या तोंडून निघालं.

"बाप आहे म्हणून फुकट सांगतोय," तो म्हणाला. "बँकेनं याचे पैसे घेतले असते." आणि जाताना म्हणाला, "बन फार छान होता हं. लोणी थोडं कमी लाव."

जुन हाननं दोन महिन्यांनी बंद केली. भट्टी तिला जाऊन बघवली नाही. पत्रे भंगारात गेले. शेवटच्या दिवशीचे पाव त्यानं घरी आणून दिले आणि ते आठवडाभर पुरले. बून स्यांग रोज सकाळी नारळाचा मुरंबा लावून खायचा. मग मुलगा तैवानला गेला, पावांच्याच एका मोठ्या कारखान्यात, जिथं पिठाला हात लागत नाही म्हणे. एवढंच झालं असतं तर ते तिनं गिळलं असतं. बापानं खरं सांगितलं, खरं कडू असतं, चला. पण त्या वर्षीच्या सभेनंतर त्यो मास्तर पाणी प्यायला वर आले आणि खुर्चीत टेकून कौतुकानं म्हणाले, "खिम, तुझ्या नवऱ्याची छाती बघ! बातू अमानमधून सगळी दुनिया पळत होती आणि यानं निवृत्तीचे पैसे काढून आणखी घेतले. ते गं, सातव्या चंद्राच्या सणाच्या सुमाराला." सातव्या चंद्राच्या सणाच्या सुमाराला. त्या सणाला बेकरीच्या गल्लीत भुतांसाठी कागद जळत होते, राखेचे कण पिठावर येऊन पडत होते आणि जुन हान चाळणीनं ते काढत होता. सही नाकारली तोच महिना. मास्तर गेल्यावर तिनं विचारलं. आवाज न चढवता विचारलं, कारण चढवला असता तर परत खाली आला नसता. "मुलाला नाही म्हणालास तू."

"मुलाला कुठं नाही म्हणालो? बेकरीला नाही म्हणालो," बून स्यांग म्हणाला. त्याला खरंच फरक दिसत होता, आणि तिला का दिसत नाही याचं त्याला नवल वाटत होतं. "तू दोन्ही एकत्र करतेस. म्हणून बायकांनी यात पडू नये."

त्यानंतर ती पडली नाही. घर चालू राहिलं. ती स्वयंपाक करायची, तो जेवायचा, पूर्वजांपुढं दोघं उदबत्ती लावायची. बातू अमान खाली जात राहिली, आणि रोज सकाळी पडदा उघडून तो आकडा बघायचा तेव्हा ग्वात खिम पाठीमागून बघायची, आणि आकडा खाली असला की तिला आत कुठंतरी बरं वाटायचं. घरचेच पैसे होते ते. तिच्या म्हातारपणाचे. तरी बरं वाटायचं. एखादा सेन आणखी उतरला की ती त्या दिवशी त्याला कॉफीत साखर जास्त घालून द्यायची. बुडू दे. एकदा बुडू दे पूर्ण, मग तो म्हणेल, चुकलं माझं. तेवढं म्हणाला असता तर तिला पैसे नको होते. सहा वर्षं ती त्या फॅक्टरीच्या मरणाची वाट बघत होती, तो जगण्याची, एकाच टेबलाशी बसून. आणि तो जिंकला. आता तो चुकला होता असं कोण म्हणणार? तिला एकटीला म्हणायचं होतं, आणि आज सकाळपासून तिलाही ते म्हणता येईना.

दिवे लागायच्या वेळेला त्यो मास्तर आले. हातात भाजलेलं बदक, काखेत बिअरच्या बाटल्या, अंगात ठेवणीतला बाटिकचा शर्ट. त्यांच्याकडेही थोडे शेअर होते, त्यामुळे तेही खुशीत होते. "वहिनी, पाय कुठायत तुझ्या नवऱ्याचे? धरतो!" "पाय नंतर धरा, आधी बदक धरा, तेल गळतंय," ग्वात खिम म्हणाली. मास्तर खो खो हसले. बून स्यांगनं नवीन शर्ट घातला होता, केसांना पाणी लावलं होतं. तिनं मासा आणला, खारवलेल्या पानांचं आंबट सार आणलं. बून स्यांगनं माशाचा पोटाकडचा तुकडा उचलून मास्तरांच्या भातावर ठेवला, दुसरा तिच्या. तो आज सगळ्यांना वाढत होता. बिअरनं त्याची मान लाल झाली होती. मास्तरांनी विचारलं, "मग, काय करणार एवढ्याचं? विकणार?" "अर्धे विकीन," बून स्यांग म्हणाला. चॉपस्टिक खाली ठेवल्या. ही गोष्ट त्यानं दिवसभर राखून ठेवली होती, हे तिला त्याच्या चेहऱ्यावरून दिसलं. "अर्धे विकून जुन हानला पाठवतो. बेकरी टाक म्हणतो. तिथं टाक, नाहीतर इथं ये, जागा विकत घेऊन टाकू. भाड्याची भानगड नको. जमीन पाहिजे, तेव्हाही मी तेच सांगत होतो."

ग्वात खिमनं वाटी खाली ठेवली. तिला हे नको होतं. आणि त्याच क्षणी इतकं हवं होतं की तिला स्वतःची लाज वाटली. म्हणजे विसरला नव्हता. म्हणजे त्याच्याही डोक्यात ती विटांची भट्टी होती, सहा वर्षं होती. मग तोंडातून एक शब्द का नाही? तिनं त्याच्याकडे बघितलं. म्हातारा झाला होता. डोळ्यांत पाणी होतं, बिअरचं की कशाचं. "कर फोन," ती म्हणाली. "आत्ता कर."

त्यानं फोन लावला, मोठ्या आवाजावर टाकला आणि बाटलीला टेकवून उभा केला. घंटी बराच वेळ वाजली.

"पा?" जुन हानचा आवाज. दचकलेला. "काय झालं? मा बरी आहे ना?"

"अरे तुझी मा इथं मासा खातेय! बातू अमान वर आली! बघितलंस?"

"अच्छा," जुन हान म्हणाला. "अभिनंदन, पा. तुम्ही म्हणतच होतात."

"मग! आता तू बोल. किती पाठवू? बेकरी टाक. या वेळी नीट टाक, मी आहे मागे. सांग आकडा."

"नको, पा."

"अरे लाजतोस काय, मास्तर बसलेत, घरचेच आहेत."

"लाजत नाही. खरंच नको. तुम्ही तेव्हा बरोबर सांगितलंत. ती चालली नसती. मी नंतर हिशेब करून बघितला, तुमचाच बरोबर होता. सही केली असतीत तर दोघंही बुडालो असतो. मी तुमचे आभारच मानायला हवे होते."

"ऐकलंत?" बून स्यांग मास्तरांकडे वळला. चेहरा उजळून निघाला होता. त्यानं टेबलावर थाप मारली. "ऐकलंस, खिम? तोच म्हणतोय! त्याच्या तोंडून ऐक!"

ती ऐकत होती. मुलगा इतक्या नम्रतेनं बोलत होता, इतक्या सफाईनं, एकही शब्द वर-खाली नाही. हॉटेलात सूट घालून उभा असायचा तेव्हा खोली सोडून जाणाऱ्या पाहुण्यांशी असाच बोलायचा. पुन्हा यावं, म्हणून दार उघडून धरायचा. तिला वाटलं, भांड बाबा, शिव्या दे याला, सहा वर्षांच्या दे. तेवढ्यात फोनमधून एक बारीक आवाज आला. रडण्याचा. एकदा थांबून, श्वास घेऊन, पुन्हा मोठा झालेला. आणि कुणीतरी बाई तिकडच्या चिनीत काहीतरी पुटपुटत दुसऱ्या खोलीत गेली.

"कसला रे आवाज?" बून स्यांग म्हणाला.

"टीव्ही आहे," जुन हान म्हणाला.

"कमी कर तो. बापाशी बोलताना टीव्ही कसला?"

"हो. करतो."

ग्वात खिमनं बाटलीला टेकवलेला फोन उचलला. "मला बोलू दे," ती म्हणाली, आणि मोठा आवाज बंद करून स्वयंपाकघरात गेली. नळ सोडला. मास्तर बाहेर बून स्यांगच्या पेल्यात ओतत होते.

"मुलगा की मुलगी?" तिनं विचारलं.

तो म्हणाला, "मुलगी."

"केवढी?"

"धरून उभी राहते, मा. आता सोडते पण हात. एखादं पाऊल."

तिनं मोरीची कड धरली. उभी राहते. म्हणजे ती जन्मली, तिचे केस उतरवले, महिन्याची झाली तेव्हा लाल अंडी वाटली असतील कुणीतरी, कुणाला वाटली असतील? तिला दात आले. एवढं सगळं झालं आणि ती इथं रोज या नळाखाली तांदूळ धूत होती. "मला सांगितलं नाहीस," ती म्हणाली. तक्रार करायची नव्हती, पण आवाज तसाच निघाला.

"तुला सांगितलं असतं तर तू त्यांना सांगितलं असतंस."

"आजोबा आहे तो तिचा."

"हो. मग ते आले असते," जुन हान म्हणाला. आता त्याचा आवाज त्याचा होता, खरखरीत, दमलेला. "आले असते, इस्त्रीचा शर्ट घालून. आणि तिच्याकडे बघितलं असतं, मा. तिला जरा श्वासाचं आहे. जन्मतःच. डॉक्टर म्हणतात जाईल वाढेल तसं, कदाचित नाही जाणार. तू सांग, त्यांनी तिच्याकडे कसं बघितलं असतं?"

ग्वात खिमला ते डोळे दिसले. उत्तर तिच्याजवळ होतं, पण ते नवऱ्याविरुद्ध मुलाला द्यावं असं तिला वाटेना, आणि नाही म्हणण्याइतकं खोटंही बोलवेना. बाहेर बून स्यांग हसत होता, फार दिवसांनी, पोटातून. चाळीस वर्षांपूर्वी याच हसण्यासाठी तिनं त्याला हो म्हटलं होतं. "नाव काय ठेवलंत?" तिनं विचारलं. जुन हाननं नाव सांगितलं. ती ते मनातल्या मनात एकदा म्हणाली. पलीकडे रडणं थांबलं होतं. "मा," तो म्हणाला, "तू ये. तू एकटी आलीस तर ये. तिकीट मी काढतो." ती नुसती हुंकारली, आणि मग, फोन ठेवता ठेवता, काहीतरी विचारायचं म्हणून म्हणाली, "जेवलास का?"

बाहेर आली तेव्हा बून स्यांग खुर्ची मागे टेकवून बसला होता. "काय म्हणाला? घेईल ना? तुला म्हणाला असेल, माझ्यापुढं लाजतो."

"जेवला म्हणाला," ती म्हणाली.

"बस? एवढा वेळ?"

"ऐकू येत नव्हतं. टीव्ही मोठा होता."

"पोरं अशीच," बून स्यांग मास्तरांना म्हणाला. पण त्याची खुशी उतरली नव्हती. कशानंच उतरणार नव्हती आज. "मान्य केलं हेच खूप. पैसे काय, पडून राहतील त्याच्या नावानं. आपल्यामागं आहे कोण दुसरं?"

"येईल रे," मास्तर म्हणाले. बदकाचं हाड त्यांनी ताटलीच्या कडेला ठेवलं, बोटं चाटली. "एकटा आहे ना, म्हणून ताठ आहे. एखादं मूल होऊ दे त्याला, मग बघ. आजोबाला दाखवायला धावत येईल तो. माझी मुलगी आली की नाही?"

"होईल तेव्हा होईल," बून स्यांग म्हणाला. "होय ना गं?"

त्यानं तिच्याकडे मान वर करून बघितलं, आणि त्या नजरेत काहीच मोजमाप नव्हतं. एका म्हाताऱ्या माणसाची आशाळभूत नजर होती ती. नातीचं नाव, एवढा एक शब्द पुरे होता. ग्वात खिमनं तो जिभेवर येऊ दिला, त्याची चव घेतली, आणि गिळला. मग ती खुर्चीत बसली, सकाळपासून पहिल्यांदाच तिला भूक लागली होती, आणि भाताचं भांडं पुढं ओढून म्हणाली, "मास्तर, घ्या ना अजून."